दोन लाख खड्डे, तेही मुद्दाम

मुंबईतल्या घोडपदेवच्या माणसाला खड्ड्यांवर व्याख्यान द्यायला जाऊ नये. रामभाऊ भोगले मार्गाने चालणाऱ्याला पाण्याच्या लाइनचा चर, विजेच्या केबलचा चर, गॅसचा चर आणि ज्याचं कुळमूळ कुणालाच ठाऊक नाही असा चर, हे चारही प्रकार खाली न बघता नुसत्या तळपायाने ओळखता येतात. खड्डा आपोआप पडतो, कुणीतरी पाडतो किंवा एक बुजवताना शेजारी दुसरा जन्म घेतो, ही सृष्टिक्रमाची तीन अंगं त्याने लहानपणीच मान्य केलेली असतात. अशा माणसाला सांगून पाहा की, बाबा रे, इथून चार-पाच किलोमीटरवर हाजी अलीपाशी विलिंग्डन क्लब आहे, तिकडे चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथे असते तशी मखमली हिरवळ जगभरचे गोल्फवाले पोटच्या पोरासारखी वाढवतात आणि मग वर्षातून एक-दोनदा तिच्यात यंत्राने लाखो भोकं पाडतात. चुकून पाडत नाहीत. आधी तारीख जाहीर करून, पगारी माणसं लावून, देखभालीच्या खात्यात खर्च टाकून पाडतात. घोडपदेवचा माणूस आधी हसेल आणि मग गंभीर होऊन विचारेल, ‘कंत्राट कोणाला मिळालं?’

त्याचा प्रश्न रास्त आहे, पण संशय चुकीच्या जागी आहे. या भोकांमुळे गोल्फर मंडळी जी हळहळ करतात ती अनाठायी आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याच हिशेबाने, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आपण जी ओरड करतो तिचा नेमही थोडा चुकतो, हे त्याचंच पुढचं टोक. खड्डा पाहिला की आपण खड्ड्यालाच शिव्या घालतो. वास्तविक खड्ड्याची परीक्षा तीन गोष्टींवर व्हायला हवी : तो कशासाठी पाडला, तो कधी बुजणार हे आधी सांगितलं होतं का, आणि तो कशाने बुजवला. गोल्फच्या ग्रीनवरची भोकं या तिन्ही विषयांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात. तरीही त्यांच्या नावाने बोटं मोडली जातात, म्हणून त्यांचं वकीलपत्र घेणं भाग आहे.

आधी रोगाचं निदान. ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानात प्रत्येक होलाभोवती असलेला, अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. पूर्ण लांबीचं अठरा होलांचं मैदान पन्नास-साठ हेक्टरवर पसरलेलं असलं, तरी अठराही ग्रीन मिळून जेमतेम हेक्टरभर जागा भरते. बाकीच्या मैदानात ज्याचा बॉल जिकडे जाईल तिकडे तो जातो, आणि बहुतेकांचा बॉल चारी दिशांना जात असल्यामुळे गर्दी आपोआप पांगते. ग्रीनवर मात्र प्रत्येकाला यावंच लागतं. सरळ मारणारा येतो, झाडीतून बॉल शोधत आलेला येतो, त्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी येतात, रोज सकाळी गवत कापायचं यंत्र येतं आणि वरून रोलरही फिरतो. चांगल्या जमिनीत साधारण निम्मा भाग घन कणांचा असतो आणि उरलेल्या निम्म्यात पाणी व हवा वाटणी करून राहतात. वरून सतत दाब पडला की या वाटणीत पहिली हकालपट्टी हवेची होते. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. तो खाली मिळेनासा झाला की मुळं वर सरकतात, पाणी मुरायचं थांबतं, आणि हवा पार संपलेल्या ओल्या थरात असे जिवाणू माजतात की माती काळी पडून तिला सडक्या अंड्याचा वास येतो. ज्याच्या घरी गावाकडे चार गुंठे रान आहे त्याला यात नवीन काही नाही. वाफसा नसलेल्या रानात मूळ धरत नाही, मग वर खताची पोती रिकामी करा की शॅम्पेनची बाटली.

दुसरा रोग गवताच्या स्वभावातच आहे. उष्ण हवेच्या कित्येक ग्रीनवर बर्म्युडा गवताच्या संकरित जाती लावतात, आणि त्या संकराच्या आईबापांपैकी एक म्हणजे आपली हरळी, देवघरातलं नाव दूर्वा. ज्या गवताची एकवीसची जुडी लालबाग-परळमध्ये भक्तिभावाने गणपतीच्या मस्तकी चढते, तेच गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापून त्यावर बूट घालून उभं राहण्यासाठी लोक क्लबाची वर्गणी भरतात. हरळीचा हट्टीपणा शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. ती वरून धावते, खालून धावते आणि उपटली तरी परत येते. या धावपळीत जुनी खोडं, मेलेली मुळं, वाळलेले धुमारे यांचा एक थर हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर साचत जातो. जाणकार त्याला थॅच म्हणतात. तो पातळ असेपर्यंत बरा. सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो पाणी धरून ठेवतो, बुरशीला बिनभाड्याची खोली देतो, आणि ग्रीन पायाखाली मऊ, फुगलेली लागते. वरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला सगळं हिरवंगार दिसतं आणि तो सभासदांच्या वार्षिक सभेत हिरवळीची स्तुती करतो.

इलाज जुना आहे. आधी बागकामाचा काटा हातात घेऊन माणसं भोकं पाडत. १९४६ साली टॉम मॅस्कॅरो या अमेरिकन माणसाने त्यासाठी खास यंत्र बाजारात आणलं आणि खड्डे पाडण्याचा वेग माणसाच्या कंबरेच्या मर्यादेतून सुटला. यंत्राला पोकळ पोलादी दात असतात. ते पाच ते दहा सेंटिमीटर खोल जातात आणि मातीची, थॅचची एकेक वळकटी उपसून वर टाकतात. या वळकट्या गोळा करून नेतात, वर वाळू पसरतात, ती ब्रशने ओढून प्रत्येक भोकात काठोकाठ भरतात. दातांची जाडी साधारण बारा मिलिमीटर आणि दोन भोकांतलं अंतर पाच सेंटिमीटर धरलं, तर चौरस मीटरला चारशे भोकं होतात. पाचशे चौरस मीटरच्या एका ग्रीनवर झाली दोन लाख. आता मुंबईत भोकाचा सरकारी भाव ठरलेला आहे. मंडपासाठी रस्त्यात खड्डा पाडला की महापालिका मंडळाकडून खड्ड्यामागे २,००० रुपये दंड घेते. २०२२मध्ये लालबागच्या एका नामांकित मंडळाला १८३ खड्ड्यांसाठी ३ लाख ६६ हजारांचा हिशेब पाठवला गेला होता. २०२५मध्ये हा भाव १५,००० वर नेला आणि मंडळांनी आवाज चढवल्यावर पुन्हा २,००० वर आणला. त्या जुन्याच, सवलतीच्या भावानेही एका ग्रीनचे चाळीस कोटी होतात आणि अठरा ग्रीनचे सातशे वीस कोटी. एवढा दंड भरण्यापेक्षा क्लबाचं विसर्जन करणं स्वस्त पडेल.

मात्र क्षेत्रफळ काढायला बसलं तर चित्र निवळतं. बारा मिलिमीटर व्यासाचं भोक आणि त्याच्या वाट्याची पाच बाय पाच सेंटिमीटरची जागा, असा भागाकार केला की उत्तर येतं साडेचार टक्के. दोन लाख भोकं पाडूनही ग्रीनचा साडेपंच्याण्णव टक्के भाग जागेवर असतो. ही दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि गोल्फर व ग्रीनची निगा राखणारा ग्रीनकीपर यांच्यातलं सगळं भांडण एवढंच आहे की एकजण आकडा सांगतो आणि दुसरा टक्केवारी.

आता गोल्फरची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. ७२ पारच्या मैदानात प्रत्येक ग्रीनवर दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचे, म्हणजे ग्रीनवरून बॉल होलात ढकलण्याचे, गृहीत धरलेले असतात, म्हणजे अर्धा खेळ याच हेक्टरभर जागेत चालतो. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, होलाचा १०८. बारा मिलिमीटरच्या भोकात बॉल पडत नाही हे खरं, पण भोकांच्या कडांवरून आणि वाळूच्या कणांवरून जाताना तो डुलतो, बुजतो आणि लवकर थांबतो. शिवाय वेगाचा मान जातो. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची वारभर लांबीची पन्हळ असते. एडवर्ड स्टिंपसनने ती १९३५मध्ये काढली, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकात ती मैदानोमैदानी पोचवली. तिच्यावरून सोडलेला बॉल किती फूट गेला, तो ग्रीनचा आकडा. ग्रीनकीपरला गवताच्या तब्येतीची तुलना करता यावी म्हणून आलेलं हे साधन सभासदांच्या हाती पडलं आणि प्रतिष्ठेचं झालं. आपल्या ग्रीनचा आकडा नऊ आहे की अकरा हे ज्याला पायाने, डोळ्याने किंवा पटरने कधीच ओळखता येणार नाही, त्यालाही भोकं पाडल्यावर तो आकडा उतरल्याचं मनस्वी दुःख होतं.

तेव्हा तक्रार मान्य, पण तिचं वजन किती? अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडू, म्हणजे जगातले सर्वांत तरबेज हात, जगातल्या सर्वांत गुळगुळीत ग्रीनवर आठ फुटांवरून पट करतात तेव्हा साधारण निम्मे पट चुकतात. ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांची ही गत. रविवारी सकाळी नाश्त्याआधी दोन तास खेळणाऱ्या गृहस्थाचा आठ फुटांचा पट चुकला, तर त्याचं खापर भोकांवर फोडण्याआधी उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब मागायला हवा. तो हिशेब कुणी मागत नाही, कारण भोकं असली की सगळ्यांचीच सोय होते. वर्षभर जे अपयश स्वतःच्या मनगटाला चिकटलेलं असतं, ते दोन-तीन आठवडे माळ्याच्या नावावर चढवता येतं. त्या अर्थाने भोकं पाडण्याचा गोल्फरांना होणारा पहिला लाभ गवत सुधारण्याच्या आधीच पदरात पडतो.

खेळाचे नियम करणारे या मानसशास्त्राला पुरते ओळखून आहेत. २०१९पासूनच्या नियमांत ग्रीनवरची बहुतेक इजा खेळाडूला पट मारण्याआधी दुरुस्त करता येते. बॉल आदळून पडलेला खळगा चालतो, बुटाच्या खिळ्यांचा ओरखडा चालतो, जुन्या होलाची गुडदी चालते, जनावराने उकरलेलंही चालतं. पण देखभालीसाठी पाडलेल्या भोकांना हात लावायचा नाही, कारण ती इजा मुळी धरलेलीच नाही. समितीला वाटलं तर ती खास स्थानिक नियम करून सवलत देऊ शकते : बॉल अशा भोकात बसला किंवा भोकाला टेकला, तर उचलून जवळ ठेवा. मात्र तुमच्या बॉलच्या आणि होलाच्या मधल्या वाटेत भोकं आहेत, म्हणून त्रास होतो, असं म्हणता येणार नाही. कलमाची ही भाषा इतकी परिचित वाटते की ती लिहिणाऱ्याने आपल्याकडच्या कुठल्यातरी वॉर्ड ऑफिसात उमेदवारी केली असावी. हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची कुवत आकड्यात मांडण्याच्या, जागतिक पद्धतीतही तोच बाणा. एखाद्या दिवशी झाडून सगळ्यांचेच आकडे अपेक्षेपेक्षा फार बिघडले, तर अधिक एकपासून अधिक तीनपर्यंत दुरुस्ती होते. दुःख सामुदायिक असल्याचं गणिताने सिद्ध करा, भरपाई मिळेल. एकट्याचं रडगाणं ऐकायला खिडकी नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की, भोकं पाडायचीच तर ऐन खेळाच्या दिवसांत, ग्रीन सुंदर झालेल्या असतानाच का? उत्तर असं की ग्रीन सुंदर असतात म्हणजेच गवत जोमात असतं, आणि जोमात असलेलं गवतच भोकं भरून काढू शकतं. हरळीचे धुमारे ऊब आणि ओल असली की चहूबाजूंनी धावत येऊन दोन-तीन आठवड्यांत जखम झाकतात. शेतात ज्या गुणापायी तिला शिव्या पडतात, त्याच गुणावर इथे सगळी भिस्त असते. गवत मरगळलेलं असताना भोकं पाडली तर ती महिनोन्महिने उघडी राहतील. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत अंगावर घेणाऱ्या आपल्या शहरात तर खालचा निचरा आधीच मोकळा असणं हा चैनीचा भाग उरत नाही. दुसरा आक्षेप असा की, विज्ञान एवढं पुढे गेलं, मग याहून सौम्य उपाय नाहीत का? आहेत. सुईसारखे बारीक भरीव दात आहेत, दाबाने पाणी किंवा हवा सोडणारी यंत्रं आहेत, उभं कापणारी पाती आहेत, थोडी थोडी वाळू वारंवार पसरण्याची पद्धत आहे. त्यांनी दाब हलका होतो, पृष्ठभाग फारसा बिघडत नाही, आणि काही मैदानांवर आता मातीतले सेंद्रिय अवशेष तपासून मगच मोठी भोकं पाडायची की नाही हे ठरवतात. पण भरीव सुई खालची घाण बाजूला सारते, बाहेर काढत नाही. अवशेष साचलेले असतील तर कधीतरी ते उपसावेच लागतात. फुंकर घालून गटार साफ होत नाही, हे आपल्याला पटवून द्यायला लागू नये.

आता रस्त्याची तुलना. ती अन्यायकारक आहे असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. ग्रीनच्या खाली फूटभर वाळू, तिच्याखाली खडीचा थर आणि निचऱ्याचे पाइप एवढाच संसार असतो. १९६०पासून अमेरिकन संघटनेची जी रचना प्रमाण मानली जाते तीत वाळूमिश्रित थर तीस सेंटिमीटरचा आणि खडी दहाची आहे. तिथे मोबाइल कंपनीची केबल येत नाही, इंग्रजांच्या काळातली जलवाहिनी फुटत नाही, आणि सगळ्याचा धनी एकटा ग्रीनकीपर असतो. आपल्या रस्त्याखाली पाणी, मलनिस्सारण, वीज, गॅस, टेलिफोन असा संयुक्त कुटुंबाचा कारभार आणि प्रत्येकाची चूल वेगळी. हे सगळं कबूल करूनही सुरुवातीचे ते तीन प्रश्न शिल्लक राहतात. ग्रीनकीपर महिनोन्महिने आधी तारीख लावतो. शक्य असेल तिथे नऊ होल एका दिवशी आणि नऊ दुसऱ्या दिवशी उरकतो, म्हणजे खेळ बंद पडत नाही. काही क्लब त्या दिवसांत शुल्कही कमी करतात. आपल्याकडे बॅरिकेड हीच पूर्वसूचना असते आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही नुकसानभरपाई. तो भोकं ज्या वाळूने बुजवतो तिचे किमान साठ टक्के कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असावेत, इथपर्यंत त्याचं प्रमाण बांधलेलं असतं. आपले चर कशाने बुजवतात, हा मात्र उत्खननशास्त्राचा विषय आहे. डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक, त्यावर खडी, त्यावर पुन्हा डांबर, असे कालखंड एकावर एक सापडतात. २०२३च्या जानेवारीत शहरातल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा हेतूबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आज त्रास, उद्या सुख, हे भोकांचंच तत्त्वज्ञान. लोक वैतागले ते ‘उद्या’ची तारीख सरकू लागल्यावर.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना. गोल्फ हा मूठभर श्रीमंतांचा खेळ. त्यांच्या हिरवळीला भोकं पडोत नाहीतर भगदाड, घोडपदेव-लालबागच्या गिरणगावाला त्याचं काय? मूठभरांचा हे खरंच आहे, आणि ज्या शहरात पोराला क्रिकेट खेळायला गल्ली उरली नाही तिथे हेक्टरवारी हिरवळ खटकणं स्वाभाविक आहे. पण शिकण्यासारखी गोष्ट कुणाच्या अंगणात पडली आहे हे पाहून ती उचलायची की नाही ठरवण्याइतके आपण श्रीमंत नाही. तिथली गोष्ट साधी आहे. काहीही बिघडलेलं दिसत नसताना, सगळं हिरवंगार असताना, सभासदांच्या शिव्या खाऊन एक पगारी माणूस जमिनीखालचा श्वास मोकळा करतो. त्याने ते केलं नाही, तर पहिलं वर्षभर सगळे खूश राहतील. मग एका मोसमात पाणी तुंबेल, बुरशी पसरेल, गवत ठिपक्याठिपक्यांनी जाईल, आणि ज्यांनी भोकांवर आक्षेप घेतला तेच सभासद ‘वेळेवर काळजी का घेतली नाही’ म्हणून त्याला फैलावर घेतील. देखभाल हे असं काम आहे की केलं तर दिसतो फक्त त्रास, आणि नाही केलं तर काही काळ दिसते फक्त शांतता. निवडणूक लढवणाऱ्याला ही शांतता फार आवडते. गवताला मतदान नसल्यामुळे ग्रीनकीपरला ती परवडत नाही.

म्हणून गोल्फरांना विनंती एवढीच की, दोन-तीन आठवडे बॉल डुलला तर डुलू द्यावा. ती माती तुमच्याच बुटांनी दाबली आहे, आणि चुकलेल्या पटांपैकी निम्मे तसेही चुकणारच होते. बाकीच्यांना विनंती अशी की, दारात बॅरिकेड उभं राहिलं की नुसतं चरफडू नका. कशासाठी खोदलं, कोणत्या तारखेला बुजणार आणि कशाने बुजवणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तिन्ही उत्तरं मिळाली तर खोदणाऱ्याला चहा पाजा. एकही मिळालं नाही तर खड्ड्यामागे २,००० रुपये हा दर शहराने आधीच ठरवून ठेवलेला आहे. तो फक्त गणपतीच्या मंडळांनाच का लागावा, एवढं विचारायला हरकत नाही.